माऊस : वस्तू किरकोळ, हिशेब मोठा

टेलर मास्तर आपली कात्री सहसा दुसऱ्याच्या हाती देत नाही. जरीच्या अड्ड्यावर बसणारा कारागीर आरीची मूठ हाताला बसेपर्यंत समाधानी होत नाही. सुतार रंधा विकत घेताना तो आधी हातात धरून पाहतो. हत्यार हाताला बसले नाही तर काम बसत नाही, हे आपल्या बांधवांना कोणी शिकवण्याची गरज नाही. पिढ्यान्‌पिढ्या कसबावर पोट भरणाऱ्यांना ते ठाऊकच असते. मग हे शहाणपण कॉम्प्युटरच्या माऊसपाशी येऊन का थांबते, हा प्रश्न विचारण्याची वेळ आता आली आहे.

आज लहानसहान दुकानांतही बिल कॉम्प्युटरवर निघते. मालाची नोंद, उधारीचे खाते, जीएसटीचे विवरणपत्र हे सारे त्यावरच होते. कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीच्या मशिनसाठी नक्षीचे पंचिंग करणारा तरुण दिवसभर पडद्यावर टाके मांडत असतो. १९९४ मध्ये ‘इनपेज’ आले आणि उर्दू कातिबांच्या कलमाचे काम बऱ्याच अंशी की-बोर्ड आणि माऊसवर गेले. लग्नपत्रिका, दुकानाचे फलक, पावतीपुस्तके यांची जुळणी करणारे आपले अनेक तरुण आठ-आठ, दहा-दहा तास उजव्या हातात माऊस धरून बसतात. म्हणजे त्यांच्यासाठी माऊस हीच कात्री आणि माऊस हीच आरी आहे.

आणि ही आरी आपण घेतो कशी? मालक बाजारात निघालेल्या पोराला सांगतो, ‘येताना एक वायरलेस माऊस घेऊन ये, स्वस्तातला बघ.’ दुकानाच्या पाटीवर, दिव्यांवर, काचेच्या शोकेसवर हजारो रुपये सढळ हाताने खर्च करणारा मालक इथे शंभर-दोनशे रुपयांसाठी हात आखडता घेतो. जो दिवसभर तो माऊस वापरणार, त्याला कोणी विचारतही नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की, माऊस निवडण्याचा पहिला हक्क तो हातात धरणाऱ्याचा असावा, आणि त्याची किंमत डबीवरच्या आकड्याने न मोजता वर्षाच्या हिशेबाने मोजावी. बाकीच्या गोष्टी या दोन गोष्टींच्या मागोमाग येतात.

वायर खरोखरच नको आहे का?

पहिला माऊस १९६४ च्या सुमारास अमेरिकेत कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेतून बिल इंग्लिश यांनी बनवला. तो लाकडी ठोकळ्याचा होता आणि त्याच्या पोटाखाली दोन चाके होती. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे तो लोकांसमोर चालवून दाखवण्यात आला. पुढे लॉजिटेक या स्विस कंपनीने १९९१ मध्ये रेडिओ लहरींवर चालणारा बिनवायरचा माऊस बाजारात आणला. तेव्हा चैनीची असलेली ही वस्तू आज रस्त्यावरच्या स्टॉलवरही मिळते. मिळते म्हणून ती घेतलीच पाहिजे, असे मात्र नाही.

ज्याचे टेबल ठरलेले, कॉम्प्युटर ठरलेला आणि काम दिवसभर एकाच जागी बसून करायचे, त्याला वायरचा चांगला माऊस घ्यायला लाज वाटण्याचे कारण नाही. त्याला सेल लागत नाही, त्याचा सिग्नल तुटत नाही आणि तेवढ्याच पैशात वस्तू बहुधा जास्त टिकाऊ मिळते. बिनवायरचा माऊस कामाचा ठरतो तो जिथे वायर खरोखर आड येते तिथे. काउंटरवर कापडाचे तागे उलगडले जातात, वजनकाटा ठेवलेला असतो, गिऱ्हाईक कोपर टेकून उभे असते आणि वायर दर दहा मिनिटांनी ओढली जाते. किंवा मालक लॅपटॉप घेऊन एका दुकानातून दुसऱ्या दुकानात जातो, गिऱ्हाइकाच्या घरी नमुने दाखवतो. अशा ठिकाणी वायरलेस माऊस ही सोय आहे, आणि सोयीला पैसे मोजण्यात चूक नाही. शेजारच्या दुकानात आहे म्हणून घेतलेला माऊस मात्र निव्वळ हौस ठरते.

डोंगल आणि ब्लूटूथ

वायरलेस माऊस दोन तऱ्हेचे असतात. एकाबरोबर नखाएवढा तुकडा येतो, तो कॉम्प्युटरच्या यूएसबी खाचेत बसवायचा. त्याला बाजारात डोंगल म्हणतात. दुसरा ब्लूटूथवर चालतो, त्याला तुकडा लागत नाही, पण कॉम्प्युटरमध्ये ब्लूटूथ असावे लागते. दुकानातील जुन्या डेस्कटॉपमध्ये ते पुष्कळदा नसते. म्हणून काउंटरसाठी डोंगलचा, आणि फिरत्या लॅपटॉपसाठी ब्लूटूथचा किंवा दोन्ही सोयी असलेला, असा साधा नियम ठेवावा. साध्या माऊसचा डोंगल हरवला की बहुधा माऊसही गेला, कारण त्याची जोडी कारखान्यातच लावलेली असते. पुष्कळ माऊसमध्ये सेलच्या खणात डोंगल ठेवण्याची जागा असते, ती वापरावी. एकाच खोलीत पाच-दहा माऊस असतील तर माऊसवर आणि त्याच्या डोंगलवर नेलपॉलिशने एकच आकडा घालून ठेवावा.

हे दोन्ही प्रकार २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. भारतात २००५ पासून या पट्ट्यात कमी शक्तीच्या उपकरणांना परवाना लागत नाही. त्यामुळे वायफायही इथेच चालते आणि गर्दी होते. त्यातच २०१२ मध्ये इंटेल कंपनीने दाखवून दिले की, यूएसबी ३.० ची खाच आणि तिला लावलेली हार्ड डिस्क किंवा पेनड्राइव्ह याच पट्ट्यात गोंगाट करतात. डोंगल त्यांना चिकटून असेल तर पडद्यावरचा बाण अडखळतो, उड्या मारतो. आपल्याकडे डोंगल कॉम्प्युटरच्या मागे, टेबलाखाली, भिंतीला लागून आणि लोखंडी डब्याच्या आड खोचलेला असतो. मग ‘माऊस खराब निघाला’ म्हणून तो फेकला जातो. फेकण्यापूर्वी डोंगल पुढच्या खाचेत, निळ्या खाचेपासून दूर लावून पाहावा. तशी खाच नसेल तर हातभर लांबीची यूएसबी एक्स्टेन्शन केबल घेऊन डोंगल टेबलावर माऊसजवळ आणावा. पुष्कळ ‘खराब’ माऊस एवढ्याने बरे होतात.

काचेचा काउंटर आणि डीपीआयचे आकडे

आजचा माऊस खालच्या पृष्ठभागाची दर सेकंदाला हजाराहून अधिक बारीक चित्रे घेतो आणि ती एकमेकांशी ताडून हात किती सरकला ते ओळखतो. स्वच्छ काचेवर त्याला टिपण्यासारखे काही सापडत नाही, म्हणून शोकेसच्या काचेवर माऊस चालत नाही. काचेवर चालणारे महाग माऊस आहेत. लॉजिटेकने २००९ मध्ये ‘डार्कफिल्ड’ नावाचे तंत्र आणले, तेही किमान ४ मिलिमीटर जाडीच्या काचेसाठी. पण ज्यांच्या दुकानात कापडाची कतरण ढिगाने पडते, त्यांनी काचेसाठी जास्तीचे पैसे का मोजावेत? जाड, सपाट, फार चमक नसलेल्या कापडाचा किंवा रेक्झिनचा वीतभर तुकडा पुठ्ठ्यावर चिकटवला की काम भागते.

तीच गोष्ट डबीवर मोठ्या अक्षरांत छापलेल्या डीपीआयची. माऊस एक इंच सरकवला की बाण किती ठिपके सरकतो, एवढाच त्याचा अर्थ. नेहमीच्या पडद्याची रुंदी १९२० ठिपके असते. म्हणजे १००० डीपीआयचा माऊस दोन इंचांच्या आतच पडद्याच्या या टोकाहून त्या टोकाला पोचतो. बिले काढायला आणि खाती लिहायला याहून अधिक कशाला हवे? पाच हजार, आठ हजार हे आकडे खेळ खेळणाऱ्यांसाठी आहेत. पंचिंग आणि डिझाइन करणाऱ्यांना वेग कमी-जास्त करण्याचे बटण उपयोगी पडते, पण त्यांनी आधी एक फुकटची गोष्ट करून पाहावी. विंडोजमध्ये माऊसच्या सेटिंगमध्ये ‘एनहान्स पॉइंटर प्रिसिजन’ अशी एक खूण असते. ती चालू असेल तर हात वेगाने हलवला की बाण जास्त पळतो, हळू हलवला की कमी. बारीक टाके मांडणाऱ्याचा अंदाज यामुळे चुकतो. ती खूण काढून दोन-चार दिवस काम केले की बऱ्याच जणांचा हात स्थिरावतो.

हाताचे माप घ्या

आता मुख्य मुद्दा. बुटाचे माप घेतल्याशिवाय आपण बूट घेत नाही, पण माऊस मात्र सर्व हातांना एकच समजतो. बाजारात सर्वांत स्वस्त मिळणारे वायरलेस माऊस पुष्कळदा लॅपटॉपच्या पिशवीत मावावेत म्हणून लहान आणि चपटे केलेले असतात. तासाभराच्या कामाला ते चालतात. मोठ्या पंजाच्या माणसाने तोच माऊस दिवसभर धरला तर तळहात अधांतरी राहतो, बोटे आकसून धरावी लागतात आणि मनगट टेबलाच्या कडेवर दाबले जाते. महिन्या-दोन महिन्यांनी मनगट, कोपर किंवा खांदा दुखू लागतो. मालक समजतो, पोरगा कामचुकार झाला.

मनगटातून हाताकडे जाणारी एक मुख्य नस अरुंद बोगद्यासारख्या जागेतून जाते. तिच्यावर दाब आला की अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटे बधिर होतात, मुंग्या येतात; रात्री त्रास वाढतो आणि माणूस हात झटकत उठतो. हातात धरलेली वस्तू निसटू लागते. ही लक्षणे दिसली की मालिश आणि मलम यांत महिने न घालवता डॉक्टरकडे जावे. असे प्रत्येक दुखणे माऊसमुळेच होते असे नाही. मधुमेह आणि थायरॉइडचे विकारही त्यामागे असू शकतात, आणि आरी चालवणाऱ्या, शिलाई करणाऱ्या हातांवर तर कामाचा ताण आधीपासूनच असतो. पण म्हणूनच त्या हातांवर आणखी एक अयोग्य हत्यार लादू नये. कारागिराचा हात गेला तर त्याच्या घरची चूल थंडावते. दोनशे रुपयांच्या बचतीसाठी एवढा धोका कोणत्या हिशेबात बसतो?

म्हणून माऊस हातात धरून पाहावा. तळहाताला त्याची पाठ टेकली पाहिजे, अंगठ्याला आणि करंगळीला आधार मिळाला पाहिजे, आणि दोन्ही बटणे बोटे न ताणता दाबली गेली पाहिजेत. डावखुऱ्या माणसाला उजव्या हाताच्या आकाराचा माऊस कधीही देऊ नये. दोन्ही बाजू सारख्या असलेला घ्यावा, बटणांची अदलाबदल विंडोजमध्ये करता येते. ज्यांचा हात आधीच दुखतो त्यांच्यासाठी उभे माऊस मिळतात, हस्तांदोलन करावे तसे ते धरायचे असतात. लॉजिटेकचा ‘लिफ्ट’ हा माऊस २०२२ मध्ये आला, त्याचा कल ५७ अंशांचा आहे आणि त्यात डावखुऱ्यांसाठी वेगळा नमुनाही आहे. काहींना यामुळे आराम पडतो, काहींना सवयच होत नाही. तेव्हा कोणाचा तरी दोन दिवस वापरून पाहिल्याशिवाय एवढे पैसे घालू नयेत.

बसण्याची जागा नीट नसेल तर महागडा माऊसही काही करू शकणार नाही. माऊस की-बोर्डच्या पातळीवर आणि अंगाजवळ हवा, कोपर काटकोनाच्या आसपास हवे. काउंटर उंच आणि स्टूल बुटके असेल तर खांदा दिवसभर वर उचललेला राहतो. स्टुलाची उंची वाढवायला कारपेंटर एक तास घेतो. आणि तासाभराने दोन मिनिटे हात मोकळा सोडायला तर एक पैसाही लागत नाही.

सेल आणि चार्जिंग

दुकानासाठी आम्ही पेन्सिल सेलवर चालणारा माऊस पसंत करू. चांगल्या माऊसमध्ये एक अल्कलाइन सेल कित्येक महिने चालतो, आणि संपला तर मिनिटभरात दुसरा घालता येतो. आत बंदिस्त बॅटरी असलेले माऊस दिसायला छान, पण तीन-चार वर्षांनी ती बॅटरी दमली की बदलून मिळणे अवघड. अ‍ॅपल कंपनीने २०१५ मध्ये काढलेल्या माऊसला चार्जिंगची खाच पोटाखाली दिली, त्यामुळे चार्जिंग चालू असताना तो वापरताच येत नाही. मोठ्या कंपनीचा माल म्हणजे आपल्या सोयीचा माल, असे नसते. पुन्हा चार्ज होणारे पेन्सिल सेलही बहुतेक माऊसमध्ये चालतात, मात्र त्यांचा दाब १.५ ऐवजी १.२ व्होल्ट असल्याने ‘सेल संपत आला’ असा इशारा लवकर दिसू शकतो. रात्री दुकान वाढवताना माऊसच्या पोटाखालचे बटण बंद करावे. ईदच्या किंवा लग्नाच्या निमित्ताने दुकान बरेच दिवस बंद राहणार असेल तर सेल काढून ठेवावा, गळका सेल माऊसची पट्टी खाऊन टाकतो. एक जादा सेल आणि एक जुना वायरचा माऊस गल्ल्यात असावाच. ऐन गर्दीत गिऱ्हाईक थांबत नाही.

वर्षाचा हिशेब

समजा, २०० रुपयांचा बिननावाचा माऊस रोजच्या मारात पाच महिने टिकला आणि नावाजलेल्या कंपनीचा ७०० रुपयांचा माऊस तीन वर्षे टिकला. तीन वर्षांत स्वस्तातले आठ माऊस लागले, म्हणजे १६०० रुपये गेले. सात वेळा काम थांबले आणि सात वेळा पोरगा बाजारात गेला, ते वेगळेच. महागडा एकदाच रडवतो आणि स्वस्त वारंवार रडवतो, असे आपले वडीलधारे म्हणत आले ते उगाच नाही. बटणाखालच्या स्विचवरच माऊसचे आयुष्य ठरते. दिवसाला पाच हजार वेळा बटण दाबले आणि वर्षात तीनशे दिवस काम केले, तर पंधरा लाख दाब होतात. हलक्या स्विचची आतली पट्टी झिजली की एकदा दाबलेले बटण दोनदा दाबल्यासारखे धरले जाते, आणि बिलात किंवा नक्षीत नको ते घडते.

वॉरंटी काही कंपन्या एक वर्षाची, काही तीन वर्षांची देतात. पण ती पक्क्या बिलाशिवाय मिळत नाही. माऊसवर १८ टक्के जीएसटी आहे. नियमित नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला पक्क्या बिलावर त्याची वजावट मिळते, कंपोझिशनमध्ये असलेल्याला नाही. बिलाशिवाय घेतलेल्या मालात दिसणारी बचत या दोन गोष्टींत बहुतांशी निघून जाते. आणि डबी नीट वाचावी. कायद्यानुसार पॅकबंद मालावर कमाल किरकोळ किंमत, बनवणाऱ्याचे किंवा आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता, महिना-वर्ष, कोणत्या देशात बनला ते आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असला पाहिजे. मोठ्या कंपनीचे नाव आहे पण आयातदाराचा पत्ता नाही, अशी डबी परत ठेवावी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर खरा माल मिळतो आणि नकलीही मिळतो, पारख आपणच करायची असते.

वॉरंटी संपलेला चांगला माऊस फेकण्याचीही घाई करू नये. स्विच तीन पायांचा असतो. मोबाइल दुरुस्त करणारा, हातात कैया धरता येणारा कोणताही तरुण तो बदलू शकतो. अशा कामात आपल्या गल्लीतल्या पोरालाही चार पैसे मिळतात.

गल्ल्याची सुरक्षा

आणखी एका गोष्टीकडे व्यापाऱ्यांनी दुर्लक्ष करू नये. २०१६ मध्ये बॅस्टिल या अमेरिकी सुरक्षा कंपनीने दाखवून दिले की, अनेक कंपन्यांच्या डोंगलवाल्या माऊसमध्ये अशी फट होती की, शंभर मीटरच्या आतला माणूस स्वस्त रेडिओ उपकरणाने त्या डोंगलमार्फत कॉम्प्युटरला खोट्या की-बोर्डचे हुकूम पाठवू शकेल. या प्रकाराला ‘माऊसजॅक’ असे नाव पडले. घाबरून जाण्याचे कारण नाही, पण भरबाजारात शंभर मीटरमध्ये किती माणसे असतात ते आपण जाणतो. नावाजलेल्या कंपन्यांनी त्यावर सुधारणा काढल्या. बिननावाच्या माऊसला सुधारणा देणार कोण? ज्या कॉम्प्युटरवरून बँकेचे व्यवहार होतात, त्याला वायरचा किंवा ब्लूटूथचा माऊस लावावा, आणि जागेवरून उठताना पडदा कुलूपबंद करावा.

काही बांधव म्हणतील, एवढ्याशा वस्तूसाठी एवढा विचार कशाला? धंद्यात मंदी आहे, कापड महागले, भाडे वाढले, तिथे माऊसचे काय घेऊन बसलात? ही अडचण खोटी नाही. पण मंदीत तर वाया जाणारा प्रत्येक रुपया आणि वाया जाणारा प्रत्येक तास जास्त जाणवतो. शिवाय यातल्या निम्म्या गोष्टींना पैसा लागतच नाही. डोंगलची जागा बदलणे, कापडाचा तुकडा घालणे, विंडोजमधील एक खूण काढणे, स्टूल उंच करणे, बिल जपून ठेवणे, हे आज संध्याकाळी दुकान वाढवण्यापूर्वी होण्यासारखे आहे.

आणि पुढच्या वेळी माऊस घ्यायचा असेल तेव्हा मालकाने एकट्याने जाऊ नये, दुसऱ्या कोणाला पाठवूही नये. जो तो वापरणार आहे, त्या कामगाराला बरोबर न्यावे. त्याला दोन-चार माऊस धरून पाहू द्यावेत आणि त्याच्या हाताला बसेल तो, आपल्या ऐपतीतला, पक्क्या बिलाने घ्यावा. आपल्या धंद्यासाठी राबणाऱ्या हाताची एवढी कदर तर व्हायलाच हवी. असा हात जास्त वर्षे आणि जास्त मन लावून काम करतो, हे कारखाना चालवणाऱ्या कोणत्याही उस्तादाला विचारा.